भास्करचं नाक

मंगळवार, संध्याकाळी साडेसात

आज आम्ही चौघे मित्र माझ्या ओट्यावर बसलो होतो. महिन्याभरात कोण कुठली वाईन प्यायला, कशी लागली, हे एकमेकांना सांगायचं, एवढंच आमचं काम. त्यात भास्करचं नाक सगळ्यांत तल्लख. मी नाशिकहून आणलेली बाटली उघडली. तिला चक्क ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येत होता. दोघांनी तोंडं वाकडी करून पेले खाली ठेवले. भास्करने पेला हुंगला, सावकाश घोट घेतला आणि म्हणाला, "पिकलेल्या जांभळाचो वास. वर लवंग."

हुंगला तर होता! मग कुबट वास त्याला कळला कसा नाही?

त्याला घरी सोडायला गेलो. एकटाच राहतो. दार उघडताच गॅसचा भपकारा आला, आणि तो सरळ दिव्याच्या बटणाकडे निघाला. मी त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. मग आत शिरून शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या.

"माका वासच येणा नाय रे," अंगणात बसून तो म्हणाला. "तीन म्हयने झाले."

सर्दी असेल, मी म्हटलं. मलाच पटलं नाही; सर्दी तीन महिने कशी राहील? डोक्यात तर काही नसेल? "डोक्या दुखता काय?"

"रोज सकाळी. उजव्या डोळ्यान धुरकट दिसता."

उद्या ओरोसला डॉक्टरकडे जाऊ, मी म्हटलं. तापाने फणफणला तरी डॉक्टरचं नाव काढू न देणारा हा माणूस.

"येतंय," तो लगेच म्हणाला.

तेव्हापासून जास्त भीती वाटतेय.