पंगतीत शिवमचं पान

ती. आईला सत्यमचा न्यू जर्सीहून, पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी धडधाकट आहे. पोलीस हॉटेलातले फोन ऐकतात, म्हणून पत्र. घाबरू नको, मला कुणी हात लावला नाय.

आमचा मालक मूळच्या इटलीच्या घराण्यातला. जावई, पुतणे, सगळं घरच एका टोळीत. दुकानदारांकडून हप्ता, सट्टा, बंदरावरून माल गायब करणं. मला सगळं दिसायचं, पण मी आपला पिझ्झ्याचा मैदा मळायचो.

दर रविवारी म्हातारा मालक घरच्यांची पंगत बसवायचा. बाहेरच्याला तिथं पान नाय. आणि आपल्या मामाचा शिवम, ज्याला मीच इथं चिकटवला, ज्याला धड भांडी घासता येत नव्हती, तो वर्षाच्या आत म्हाताऱ्याच्या शेजारी बसला! म्हातारा लाडानं त्याचा गाल थोपटायचा. आणि त्याला वाढायचं कोण? मी.

परवा पोलिसांनी सगळी पंगतच उचलली. टीव्हीवर टोळीचे फोटो दाखवले. वर म्हातारा, शेवटच्या ओळीत शिवम. वकील दिलाय, चिकलठाण्याच्या मामीला जरा बेतानं सांग.

मलाही विचारलं. साहेब म्हणाला, "तुम्ही नुसते स्वयंपाकी. घरी जा."

नळाला पाणी येतंय का, का अजून टँकरच? तुझे गुडघे कसे आहेत?

मी सुटलो म्हणून तू देवापुढं साखर ठेवशील. ठेव. पण तुला म्हणून सांगतो, ते फोटो मी लई वेळा बघितले. शिवमच्या शेजारी एक जागा रिकामी होती.

तुझा,
सत्यम