समोरच्या माणसाची वाक्यं

१४ जून २०२०, ल्यूकन
शैला जाऊन महिना झाला. लिहिण्यासारखं काही नाही, पण कामावरून आल्यावर बसवत नाही. जिना चढतो, उतरतो.
मुलगी, रेवा, वरच्या खोलीत. मार्चमध्ये लंडनहून दोन आठवड्यांसाठी आली होती, एक बॅग घेऊन. तिकडची अभिनयाची कामं बंद. टीव्हीवर आत्तापर्यंत एवढंच: हॉस्पिटलच्या एका मालिकेत नर्स, दोन भाग, एक वाक्य. "ही इज इन बे फोर." शैलाने ते सगळ्या नातेवाइकांना पाठवलं होतं. पुण्याहून तिची बहीण मीना म्हणाली, "नर्सच का गं? डॉक्टर नाही दिलं?" त्यावर शैला चार दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

२ सप्टें.
ऑडिशन आता घरातून. भिंतीवर राखाडी चादर, स्टँडवर फोन, आणि फोनच्या मागे उभं राहून कोणीतरी समोरच्या माणसाची वाक्यं वाचायची. रेवा सुट्टीत आली की हे शैला करायची. आता मी. आज घरमालकाची वाक्यं वाचली.
"बाबा, तू एसओपी वाचतोयस."
"मग काय करू?"
"नथिंग. जस्ट बी अ पर्सन."
औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत वीस वर्षं झाली. कामाच्या सूचना, म्हणजे एसओपी, आवाज न चढवता वाचणं हेच काम. सहा टेक झाले.

११ नोव्हें.
सप्टेंबरपासून ऑडिशनचे सात टेप. नकार येत नाही, फक्त उत्तर येत नाही. रेवाचा जन्म लेस्टरचा, ब्रिटिश पासपोर्ट, बोलणं ल्यूकनचं, आयरिश. एजंट म्हणते सगळे उच्चार तयार ठेव. काल जेवताना रेवाच्या तोंडून तीन वेगवेगळ्या मुली मीठ मागत होत्या.
दिवाळी नाही यंदा. वर्ष व्हायचंय.

२० जाने. २०२१
नवी मालिका, गुन्ह्याची. शूटिंग इथेच, विक्लोला. रेवासाठी दुकानदाराच्या मुलीचं काम, सहाही भागांत. टेपसाठी दिलेला प्रसंग: डॉक्टर फोनवर मुलीला सांगतो, आई गेली.
कागद हातात ठेवून ती दारातच थांबली. "यू डोन्ट हॅव टू. मी ईफाला झूमवर विचारते." ईफा शेजारची.
"वाचतो."
डॉक्टरची चार वाक्यं. दुसऱ्या वाक्याला लक्षात आलं, मी ती मे महिन्यातल्या त्या डॉक्टरबाईंसारखी वाचतोय. आधी नाव, मग थांबणं, मग सगळं एका पट्टीत. त्यांचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या कार पार्कमध्ये उभा होतो. रेवाला ते शब्द मी कधी सांगितले नव्हते. घरी येऊन "आई गेली" एवढंच म्हटलं होतं.
वाचून झालं. रेवाने माझ्याकडे पाहिलं नाही, फोनकडे पाहिलं. "ग्रँड," म्हणाली, इथल्या बोलीत जमलं. एकच टेक. असं कधी झालं नव्हतं.
खाली येऊन घासलेली भांडी परत घासली.

९ फेब्रु.
मिळालं. रेवा पायरीवर बसून राहिली. मीनाला कळवलं. "या खेपेला डॉक्टर का?" "दुकानदाराची मुलगी." "बरं." मग, "शैला असती तर गल्लीभर पेढे."
चहा केला. तोच टेप पसंत पडला. आनंद झाला का, सांगता येत नाही.

११ एप्रिल
रेवा विक्लोच्या हॉटेलात. कोव्हिडच्या टेस्ट सारख्या चालू, येणं-जाणं बंद. निघण्याआधी विचारलं होतं, आईचं वर्षश्राद्ध कधी. १२ मे, सांगितलं. पहिलंच मोठं काम, त्यात सुट्टी मागायची. ते वाक्य तिने स्वयंपाकघरात प्रेसच्या, म्हणजे कपाटाच्या, दारासमोर उभं राहून पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं.
आज फोन. दिली सुट्टी. त्या दिवसाचा प्रसंग पुढे ढकलला, ३१ मेला. टेपमधला तो फोनचाच प्रसंग आहे.

४ मे
पुण्याला गुरुजींना फोन केला, लॅपटॉपवरून विधी सांगायची वेळ ठरवायला.
"बारा तारीख कुठून काढलीत?"
"गेल्या वर्षी बारालाच..."
"अहो, मध्ये अधिक महिना होऊन गेला. वैशाख वद्य षष्ठी यंदा एकतीसला."
कॅलेंडर शैला बघायची. मी दिवसभर दुसऱ्यांच्या तारखा तपासतो. काही बोललोच नसतो तर रेवा एकतीसला मोकळी असती.
बाराला उरकता येईल का, विचारलं. "यजमान, तिथी म्हणजे डेंटिस्टची अपॉइंटमेंट नव्हे."
रेवाला सांगायला हवं.

१२ मे
सांगितलं नव्हतं. ती सकाळी नऊला आली, आईचा कुर्ता घालून. मी म्हटलं, गुरुजी आजारी आहेत, पुढे बघू.
"कोव्हिड आहे का? इज ही ओके?"
"साधा ताप."
धडधाकट माणसाला ताप आणला. त्यांच्यासाठी ती दिवसभर हळहळत होती. खीर केली, दोघांनी खाल्ली. निघताना बुटाची नाडी बांधत म्हणाली, "मला घेतल्याशिवाय करू नकोस, बाबा." सबंध वाक्य मराठीत.

२८ मे
रेवाचा मेसेज: सोमवारी बिग सीन, विश मी लक. उत्तर तीनदा लिहून पुसलं.
सांगितलं तर ती येईल. पहिल्याच कामात दुसऱ्यांदा सुट्टी, तीही त्याच प्रसंगाची. परत कोण बोलावणार? किंवा येणार नाही, आणि तो प्रसंग ते डोक्यात ठेवून करेल. नाही सांगितलं तर...
मीनाला विचारलं. "भावोजी, मी काय सांगू? ती तुमच्यासारखीच आहे. बोलणार नाही आणि विसरणारही नाही."
रेवाला लिहिलं, गुड लक.

३१ मे
रजा. साडेआठला गुरुजी लॅपटॉपवर. तीळ, तांब्या, बोटात दर्भ. तेवढ्यात रेवाचा फोन. उचलायला नको होता.
"बाबा, सेटवर डॉक्टरची वाक्यं वाचणारा तो माणूस, योर मॅन, फार रडवेलं वाचतो. तू एकदा वाचशील? टेपमध्ये वाचलंस तसं."
गुरुजींना दोन मिनिटं म्हटलं. कागद शोधला नाही, पाठ आहे. चार वाक्यं म्हटली. पलीकडून तिने तिची म्हटली, हळू. या वेळी "ग्रँड" आलं नाही.
"आज मंडे ना? तू घरी कसा?"
"रजा घेतली."
"का?"
गुरुजींचा आवाज खणखणीत. "यजमान, दर्भ काढू नका हातातला."
रेवाच्या मागून कोणीतरी तिला हाका मारत होतं, फाइव्ह मिनिट्स. तिने फोन ठेवला नाही. मी तो तांब्याशेजारी ठेवला आणि गुरुजींना म्हटलं, चालू करा.
शैलाचं नाव घेईपर्यंत फोनमधून श्वास ऐकू येत होता. नंतर कधी बंद झाला, कळलं नाही.
दुपारचे दोन. ताटं दोन वाढून ठेवली आहेत. फोन करून पाहिला, बंद आहे. सेटवर बंदच ठेवावा लागतो, म्हणाली होती. की निघाली असेल. विक्लोहून इथे यायला सव्वा तास.