आजोबा झुकले नाहीत

हॅगथॉर्प, ता. ३ मार्च

चि. टॅम्सिन हिस बेव्ह मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझी नवी गाणी ऐकली. पूर्वी गिटार घेऊन प्रियकरासाठी रडायचीस, ते निदान कळायचं तरी. आता कपडे धुण्याच्या यंत्रात चमचा अडकल्यासारखा आवाज येतो आणि त्यावर तू सरकारला दम देतेस. लंडनला जाऊन टाकलेली आपली खेडवळ बोलीही गाण्यात परत आलीय. फोनवर मात्र अजून राणीच्या नात्यातली असल्यासारखीच बोलतेस.

पण ‘आजोबा झुकले नाहीत’ हे गाणं तू इथल्या खाणकामगारांच्या क्लबात म्हणणार, असं पत्रक लागलंय. ते म्हणू नकोस, बाई. चौऱ्याऐंशीच्या खाणसंपात माझे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, अकराव्या महिन्यात संप मोडून कामावर गेले. तुझी आई सात वर्षांची, न्यूमोनियाने फणफणलेली, आणि खाणकामगाराच्या घरात कोळशाचा खडा नाही. संप बाराव्या महिन्यात मिटला. पुढे बाबा क्लबात शिरले की लोक खुर्च्या फिरवून पाठ करायचे, नाहीतर उठून जायचे. हे मरेपर्यंत चाललं. तुला कुणी सांगितलं नाही, ही चूक आमची.

पत्र पाठव, नुसता फोनवरचा अंगठा नको.

तुझी,
बेव्ह मावशी

लंडन, ता. १० मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावरच चिडले होते. त्या ओळीचे टी-शर्ट छापून झालेत, मावशी. माझा व्यवस्थापक म्हणतो, खरंखोटं कोण बघतंय, ओळ खपतेय ना. आधी मलाही ते पटलं, याची लाज वाटते. कार्यक्रम रद्द करत नाही, ओळ बदलते. तू पुढे बस. मला भीती वाटते.

लोभ कमी करू नकोस.

तुझी,
टॅम्सिन

हॅगथॉर्प, ता. २३ मार्च

चि. टॅम्सिन हिस आशीर्वाद.

काल न जेवता पळालीस, म्हणून लिहिते. ते खडखडाटाचं यंत्र बंद करून ‘आजोबा झुकले, लेकीसाठी झुकले’ म्हणालीस, तेव्हा प्रथमच तुझे शब्द कळले. बाबांबरोबर संपावर असलेल्या म्हाताऱ्या ऑस्वल्ड थॅकरेची खुर्ची फिरली ती तू पाहिलीस. मागून आणखी सात फिरल्या.

नंतर मी त्याला गाठून चांगलं सुनावलं. तो म्हणाला, पाठ पोरीला नव्हती, तिच्या आजोबाला होती, आणि ती रीत मोडायची नाही. मग म्हणाला, पण उठून गेलो नाही, हे लिही तिला.

तुझ्या व्यवस्थापकाने ते टी-शर्ट दारात मांडलेच होते, बेशरम मेला. आज ऑस्वल्डच्या तारेवर एक वाळत होता. ‘नाहीत’वर काळी चिकटपट्टी लावलेली. टोमणा म्हणून की आठवण म्हणून, मी विचारलं नाही. मलाही एक पाठव, मोठ्या मापाचा. चिकटपट्टी घरात आहे.

लोभ ठेव, आणि त्या यंत्राचं बटण बंदच ठेव.

तुझी,
बेव्ह मावशी