मूग गिळलेल्या दोघी आणि एक टर्की

दुलुथ, मिनेसोटा
५ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. आयडेला हिस व्हर्नाचे अ. आ.

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्याचं तुझं आमंत्रण मिळालं. येते. आदल्या शनिवारी माझ्या गाडीने पोचेन आणि सण उरकला की निघेन. येताना क्रॅनबेरीचा मुरंबा आणते आहे, डब्यातला विकत आणू नकोस.

रॉइसचा फोन आला होता. माझ्याच पोटच्या पोराने माझ्याकडून वचन घेतलं की तुमच्या घरी असेपर्यंत मी काही शिकवायचं नाही, कुणाची चूक काढायची नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. जन्म शाळेत गेला माझा. मी वचन दिलं. भुवईचं तेवढं कबूल केलेलं नाही.

बदल्यात त्याने काय कबूल केलंय ते तुलाही ठाऊक असलेलं बरं. शाळेत न घालता तू घरीच शिकवतेस, त्या घरशाळेत माझी नात टॅम्सिन काही शिकते आहे असं मला दिसलं तर माझं तोंड कायमचं बंद. नाही दिसलं तर जानेवारीपासून ती गावातल्या शाळेत जाईल. निकाल मी इकडे परत आल्यावर पत्राने कळवीन. तोंडावर सांगितलेला निकाल माणसं धड ऐकत नाहीत, मधेच रडायला लागतात.

ओटिसला पापा. सासूचा राग करावा, पण जेवणाआधी नको.

तुझी,
व्हर्ना


एल्म फोर्क, आयोवा
११ नोव्हेंबर १९९७

ती. कॉर्लिसताईस आयडेलाचा सा. न. वि. वि.

ताई, मी पार अडकलेय. सासूबाई येताहेत, आणि पाहुण्या म्हणून नाही, परीक्षक म्हणून. नापास झालो तर टॅम्सिनला जानेवारीत शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवायचं, असा करार रॉइसने मला न विचारता करून टाकलाय. वर मलाच म्हणतो, आईचं तोंड बंद करायचा हा एकच मार्ग होता.

म्हणून मीही ठरवलं की दाखवायचंच. यंदाचं सगळं जेवण टॅम्सिनच्या हवाली केलं. हाच तिचा महिन्याचा अभ्यास. किती माणसं, किती बटाटे, टर्की पक्ष्याच्या पोटात भरायच्या सारणात पाव किती, ओव्हनमध्ये आधी काय जाणार आणि मग काय, सगळं तिचं ती काढते. दहा वर्षांची पोर पेन्सिल कानावर अडकवून घरभर फिरतेय आणि मला कामं सांगतेय. सहा वर्षांच्या भावाला, ओटिसला, तिने रुमालांच्या घड्या घालायला बसवलंय, तो बिचारा घालतोही आहे.

आता रड ऐक. फ्रीजरमधली टर्की कधी बाहेर काढायची, तेही तिनेच ठरवलं. वेष्टणावर दोन ओळी असतात. गार पाण्यात बुडवून ठेवली तर बर्फ सुटायला अर्धा दिवस, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली तर पाचएक दिवस. हिने पहिली ओळ वाचली आणि ठेवणार आहे फ्रिजमध्ये! हिशेब अगदी बिनचूक, ओळ चुकीची. आणि फ्रिजच्या दारावर रंगीत तक्ता लावलाय की टर्की बुधवारी संध्याकाळी काढायची. गुरुवारी दुपारी जेवण, ताई. दगड वाढायचा का पानात?

तू म्हणशील, सांग की तिला. पण आमच्या घरशाळेचा मुळात नियमच तो आहे. विचारल्याशिवाय उत्तर सांगायचं नाही, पोराची चूक पोरालाच सापडू द्यायची. गेली दोन वर्षं मी हे सगळ्या गावाला ऐकवत आलेय. आता सासूच्या धाकाने नियम मोडला, तर त्यांचंच म्हणणं खरं झालं. मी मूग गिळून बसलेय, आणि तो तक्ता दिवसातून शंभरदा माझ्याकडे बघतो.

काहीतरी सुचव. धाकट्या बहिणीला वाऱ्यावर सोडू नकोस.

तुझी,
आयडेला


केली क्रीक, मिझुरी
१५ नोव्हेंबर १९९७

चि. आयडूस ताईचे अ. आ.

तुझं पत्र मी गोठ्यात उभ्याउभ्या वाचलं आणि इतकी हसले की गाय बिथरली.

लहानपणी मी झाडावरून पडणार हे तुला दिसत होतं तेव्हा तर तू गाव गोळा केलं होतंस. तेव्हा कुठे होता हा नियम? पण तुला सांगून उपयोग नाही. तत्त्व एकदा डोक्यात शिरलं की आपल्या घरातल्या बायका गाढवालाही हरवतात, आई काय कमी होती?

तेव्हा ऐक. नियम पाळ, पण पोटांना उपाशी ठेवू नकोस. एक मोठा हॅम आण आणि शेजारणीकडे लपव. टर्की रुसली तर हॅम हजर. नियमाने चूक सांगायला बंदी केलीय, डुकराला नाही.

तुझ्या सासूला माझा नमस्कार सांगू नकोस, तिला संशय येईल. मला मात्र सगळं सविस्तर कळव, नाहीतर पुढच्या पत्रावर तिकीट लावायची नाही मी.

तुझी,
कॉर्लिस


एल्म फोर्क, आयोवा
२८ नोव्हेंबर १९९७

ती. कॉर्लिसताईस सा. न. वि. वि.

सविस्तर ऐक आता. हसायचं असेल तेवढं आधीच हसून घे, कारण शेवटी मला रडू आलंय.

सासूबाई शनिवारी आल्या, कोट काढला, पाणी प्यायला फ्रिजपाशी गेल्या आणि तक्त्यासमोर थबकल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या नुसत्या म्हणाल्या, अक्षर छान आहे. नंतर आठवडाभर त्या इतक्या गोड वागल्या की रॉइसने मला बाजूला घेऊन विचारलं, आईची तब्येत बरी आहे ना?

बुधवारी संध्याकाळी टॅम्सिनने मोठ्या थाटात टर्की फ्रीजरमधून काढली, वेष्टण उतरवलं आणि फ्रिजमध्ये ठेवली. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. देवा रे.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघी बटाटे सोलत होतो. टॅम्सिनने फ्रिज उघडला. टर्कीवर डाव आपटल्याचा आवाज आला, टक् टक्. मग ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं की माझं चुकलंय का. विचारल्यावर सांगायचं, हा नियम. मी हो म्हटलं. तुला कधीपासून माहीत होतं, म्हणाली. मी म्हटलं, तक्ता लागला तेव्हापासून. सासूबाईंनी सुरी खाली ठेवली आणि मान खाली घालून सांगितलं, "मला शनिवारपासून, बाळ."

ताई, ती रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्हणजे मी सगळ्यांना सांगत हिंडत होते की जेवण मी करतेय, आणि तुम्ही दोघी नुसत्या बघत होतात." डस्टबिनमधून वेष्टण काढून घेतलं, न्हाणीघरात गेली आणि आतून कडी घातली.

मी सासूबाईंना म्हटलं, काळजी नको, शेजारणीकडे हॅम लपवलाय. त्या उठल्या, गाडीच्या डिकीपाशी गेल्या आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेली अख्खी भाजलेली टर्की घेऊन आल्या. बुधवारी गावातून आणलेली. थंडीने डिकीचाच फ्रिज झाला होता. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि हसू फुटलं. लग्न झाल्यापासून त्या बाईबरोबर मी पहिल्यांदा हसले, तेही पोट धरून. तेवढ्यात रॉइस डोकावला, जेवायला किती वेळ म्हणून. त्याला दोघींनी मिळून हाकललं.

बऱ्याच वेळाने टॅम्सिन वेष्टण घेऊन बाहेर आली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात तिला सापडलं होतं की गोठलेली टर्की तशीच ओव्हनमध्ये ठेवता येते, फक्त वेळ दीडपट लागतो. जेवण आता दुपारी नाही, संध्याकाळी, असं तिने जाहीर केलं. हॅम आणि दुसरी टर्की दोन्ही उचला, माझ्या टेबलावर दिसता कामा नयेत, म्हणाली. आम्ही मुकाट्याने उचलली. मधे टर्कीच्या पोटात ठेवलेली काळीज-कलेजीची पिशवी बर्फाने अडकून बसली, तेव्हा तिने आजीलाच विचारलं ती कशी काढायची. विचारलं म्हटल्यावर सासूबाईंनी बाह्या सरसावल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. अंधार पडता पडता जेवलो. छातीचं मांस जरा कोरडं, पण तिचं मन राखायला कुणी ग्रेव्हीसाठी दोनदा हात पुढे केला नाही. ओटिस फक्त पाव जेवला.

निजायला जाताना टॅम्सिनने मला विचारलं की शाळेत चूक झाली तर सांगतात का. मी म्हटलं, लगेच, लाल शाईने. ती म्हणाली, "मग मला शाळेत जायचंय."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. आज सकाळी त्या निघून गेल्या. मी निकालाची वाट बघतेय, पण आता तो कशाला हवा? जिला ठेवायचं तिलाच राहायचं नाही.

तुझी,
आयडेला


दुलुथ, मिनेसोटा
३ डिसेंबर १९९७

चि. सौ. आयडेला हिस अ. आ.

निकाल लिहिते. टॅम्सिनला घरीच शिकव.

माझ्या वर्गात असती तर मी शनिवारीच तिला ओळ दाखवली असती. टर्की मऊ झाली असती आणि पोर काही शिकली नसती. फजिती झाल्यावर स्वतःहून वेष्टण उलटून बघणारं मूल माझ्या वर्गात फार थोड्या वेळा बसलं. हे तू केलंस, मी मान्य करते. तुझा भूगोल मात्र लाजिरवाणा आहे. ओटिसला अलास्का हे बेट वाटतं.

पण एक गोष्ट माझ्या गळ्याखाली उतरत नाही. मी वचन पाळलं, तू नियम पाळलास, आणि ती पोर दोघींच्या मधे एकटी राहिली. गप्प बसण्याला शिकवणं म्हणत नाहीत. मला आठवडाभर त्या तक्त्यासमोरून जाताना चोरासारखं वाटत होतं. तुलाही वाटत असणार, तू बटाटे फार जाड सोलत होतीस.

म्हणून माझा निकाल तिच्या मतापुढे ठेवू नकोस. तिचा राग शांत झाला की पुन्हा विचार. तरी शाळा म्हणाली, तर शाळा. हे पत्र तिला वाचायला दे.

तुझ्याबरोबर हसले ते मला आवडलं. आपल्यातली ही नवी ओळख सांभाळ.

तुझी,
व्हर्ना


एल्म फोर्क, आयोवा
८ डिसेंबर १९९७

ती. आजीस टॅम्सिनचा सा. न. वि. वि.

आईने मला तुझं पत्र दिलं आणि मी वाचत असताना शेजारी बसून नखं खाल्ली.

मी शाळा का म्हणाले ते सांगते. न्हाणीघरात मला तुमचं दोघींचं हसणं ऐकू आलं. मला वाटलं, माझ्यावर हसताय. काल आईने हॅमचं आणि डिकीतल्या टर्कीचं खरं सांगितलं, तेव्हा मलाही हसू आलं, पण थोडंच. त्या दिवशी नव्हतं आलं.

मी घरीच शिकणार आहे. पण जुना नियम मी काढून टाकला. नवा असा, की ज्याला चूक दिसेल त्याने सांगायची, मग ती मी सुधारायची की नाही ते मी बघेन. आईने सही केली. बाबांनी न वाचताच केली, म्हणून त्यांना पुन्हा करायला लावली. ओटिसला अलास्का नकाशावर दाखवला. ते बेट नाही याचं त्याला फार वाईट वाटलं.

नाताळात बदक करायचं ठरलंय आणि त्याचं गणित सोबत पाठवतेय. मी तीनदा तपासलंय आणि मला ते बरोबर वाटतं, पण टर्कीचंही वाटलं होतं. तू लाल शाईने बघ. चूक असेल तर मी विचारायची वाट बघू नकोस.

तुझी नात,
टॅम्सिन