गाडीचा खरा खर्च

शुक्रवार, १४ तारीख
सकाळचे अकरा

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

तू रविवारी लिहिलेलं पत्र आज सकाळी हाती पडलं. गुडघ्यांची कुरकुर सोडली तर आई बरी आहे. तुझ्या वहिनीने खिडक्यांना नवे पडदे शिवलेत. ते आखूड झालेत असं मी बोलून गेलो, तेव्हापासून घरात अबोला आहे.

गाडी बाळगायला खरा खर्च किती येतो ते मांडून पाठव म्हणालीस. बरोबरच्या तिघी शिक्षिकांकडून वाटणी घ्यायची तर हिशोब चोख हवाच. पेट्रोल म्हणजे निम्मासुद्धा खर्च नव्हे, लोक तिथेच फसतात. विमा, कर, ऑइल, टायर, बॅटरी, सगळं धर. शिवाय गाडी नुसती दारात उभी असली तरी तिची किंमत उतरत राहते, तोही खर्चच. मग वर्षाच्या किलोमीटरने भाग दे. आमच्या ऑफिसात माझा आकडा सगळ्यांत कमी यायचा. उगाच नाही मला तिथे चिक्कू म्हणत.

तो कमी कसा यायचा, हे मात्र तुला कधी सांगितलं नाही. जी दुरुस्ती पुढे ढकलता येईल ती मी ढकलायचो.

पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंयस, उतारावर ब्रेक हल्ली खोल जातो, दोनदा दाबला की लागतो. छोटे, तुला विकण्याआधी मी गाडी मिस्त्रीला दाखवली होती. जी गाडी रस्त्यावर न्यायची नाही, तिच्या पुढच्या चाकावर तो खडूने फुली मारतो. आपल्या गाडीवर मारली. म्हणाला, "साहेब, ब्रेकची नळी पाझरतेय. बदलल्याशिवाय हलवू नका." त्या कामात तुझ्याकडून येणाऱ्या किमतीचा चौथा हिस्सा गेला असता. तो जेवायला गेला तेव्हा मी रुमालाने फुली पुसली आणि गाडी बाहेर काढली. संध्याकाळी तुला किल्ली देताना म्हणालो, ठणठणीत आहे, डोळे झाकून चालव. सख्ख्या बहिणीला म्हणालो. लाज वाटते मला.

तुमच्या बाजूला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे हे पत्र देतोय. मिळेल तेव्हा गाडी असेल तिथेच सोड आणि मुलीला घेऊन चालत घरी जा. पैसे सगळे परत करतो. मला काय बोलायचं ते बोल, मी खाली मान घालून ऐकेन.

सोमवारपासून आज सकाळपर्यंत तू त्या तिघींना आणि मुलीला घेऊन पाचदा तो उतार उतरली असशील. शाळा दहाला भरते ना? साडेदहापासून मी तिथे फोन लावतोय. एरवी तुमचा शिपाई दुसऱ्या रिंगला उचलतो. आज नुसताच वाजत राहतोय.

फोनपाशी बसलेला,
तुझा दादा