ह्यांच्या कमरेतलं लोखंड

उत्तम, तू दूध आणायला जातोस आणि कोथिंबीर घेऊन येतोस. म्हणून तोंडी न सांगता कागदावर घालते आहे.

मी, इंदूबाई सहादेव तांबे, वय अंदाजे पंचाहत्तर, राहणार केबिन रोड, भाईंदर पूर्व, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करते आहे. मला अक्षर येत नाही. उत्तमची मुलगी संघप्रिया लिहिते आहे. माझं बोलणं सुधारू नको म्हणून बजावलंय, तरी सुधारतेच आहे.

एक. बँकेतली रक्कम मुलगा उत्तम आणि मुलगी नेहा यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. पाटा-वरवंटा नेहाचा. चौथ्या मजल्यावरून उतरवायचं काम जावयांचं.

दोन. माझा मोठा टोप शेजारच्या सुलूकडे आहे. मागू नये. दिसली की "आईला माहीत होतं" एवढंच म्हणावं.

तीन. माझे पती एकाहत्तरच्या लढाईत जखमी झाले. तोफगोळ्याचा एक तुकडा कमरेतच राहिला. थंडीत मी तेल कोमट करून चोळायचे आणि म्हणायचे, "सवतीची सेवा करतेय." हे आधी हसायचे, मग कण्हायचे. मॉलच्या दारातली कमान वाजली की वॉचमनला सांगायचे, "सरकारी माल आहे भाई, जमा नहीं होता." तीन वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा तुकडा राखेत सापडला. उत्तमला तो काचेच्या पेटीत घालून सोसायटीच्या ऑफिसात ठेवायचा आहे. ठेवू नये.

चार. तो तुकडा ह्यांच्या पलटणीतले, पूनम सागरला राहणारे ईश्वर मोहिते यांना द्यावा. जखमी ह्यांना पाठीवर घालून आणलं ते ईश्वर भावजींनी. दर लग्नात ते अंतर वाढवून सांगायचे. हे म्हणायचे, "अजून दोन लग्नं झाली की ईश्वर मला थेट भाईंदरला आणतोय."

हे गेल्यावरच्या पहिल्या सव्वीस जानेवारीला भावजी ह्यांच्या जागी सोसायटीच्या झेंड्यापुढे सलाम न करता उभे राहिले. उत्तम, तू चारचौघांत म्हणालास, "काका, हात जड झाला का?" ते तिथूनच माघारी गेले. आपल्या घरी परत आले नाहीत.

ह्यांना आणताना त्यांच्या उजव्या खांद्यात गोळी घुसली. तो हात छातीच्या वर जात नाही. अंतर जगाला सांगितलं, गोळीचं सांगितलं नाही. ह्यांना आणि मला शपथ घातली होती. पण हा कागद वाचाल तेव्हा मी नसेन, आणि गेलेल्या बाईचं शपथ काय वाकडं करणार.

पाच. माझ्या नावावरचं राहतं घर उत्तमला. मात्र तुकडा त्याने स्वतः नेऊन द्यावा. कुरियर चालणार नाही. माफी मागावी. भावजींनी गोष्ट काढली तर कितीही लांबली तरी शेवटपर्यंत ऐकावी, मोबाईल खिशात ठेवून. महिनाभरात गेला नाही, तर घर नेहाचं. नेहा, तू उगाच पडदे मापू नकोस. तो जाईल. तोंडाचा फटकळ आहे, मनाचा नाही.

हे मला दोनदा वाचून दाखवलं. बरोबर आहे.

इंदूबाई सहादेव तांबे
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
१. महिपत कासारे, सोसायटीचे सेक्रेटरी (सही)
२. नीलम साळवी, समोरच्या फ्लॅटमधल्या (सही)

भाईंदर, ९ नोव्हेंबर २०२५

अंगठा लावल्यावर सांगितलेलं, साक्षीदारांसमोर: उत्तम, रिकाम्या हाताने जायचं नाही. भावजींना दात राहिले नाहीत, फरसाण नेऊ नकोस. घावने ने, मऊ काढलेले, आणि नारळाचा गोड रस. रस वेगळ्या डब्यात.