डाव्या अंगाचा पाट

नवीन पनवेल,
१२ जानेवारी २०२५

सखूबाय,

पाया पडते. इकडे सगळी बरी आहेत. गव्हाणहून पाठवलेल्या वालाच्या शेंगा पोचल्या. सून सुनीता म्हणते मडक्यात भरून पोपटी लावू. चौथ्या मजल्यावर मडक्याभोवती जाळ कुठे पेटवणार!

कमळाकरच्या पोरीच्या लग्नात तू विनिताला डावीकडच्या पाटावर बसवून लग्नगीतं, आपले धवले, गायलीस. बरी गायली ती. जरा नाकात गाते, पण असू दे. इतकी वर्षं तो पाट माझा होता, एवढंच.

मला हाक मारलीस, "रमे, ये गो, खुर्चीवर काय बसलीस पावनीसारखी?" मी गळ्याकडे बोट दाखवलं. गाणं संपलं आणि तू उठलीस, हातात ताट, जमिनीला बोटही न टेकता. माझ्याहून मोठी तू! विनिताचा राग आला होता, पण खरं सांगते, तुझ्या मांड्यांचा हेवा जास्त वाटला. जेवणही गोड लागलं नाही.

गळा ठणठणीत आहे गं. पाटावर बसले की उठता येत नाही. भर मांडवात काखेत हात घालून उचलायला लागलं असतं मला.

इथे लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे. वाटायचं, म्हातारपणासाठी ताकद जपून ठेवावी, बरणीतल्या मुरांब्यासारखी. व्यायाम शिकवणारी मिताली हसली. "आजी, न वापरता ती टिकत नाही." मग मीच शोधून वाचलं. स्नायूंच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया म्हणून बारीक बारीक चुली असतात. खाल्लेल्याची ताकद तिथे होते. वय झालं की चुली कमी होतात, उरलेल्या धुमसतात. पण स्नायूंना काम लावलं की या वयातही नव्या मांडल्या जातात. तू अजून शेतात वाकतेस, डोक्यावर भारा आणतेस. तुझ्या चुली धडधडताहेत आणि तुला त्यांचं नावही माहीत नाही! चीड येते.

आता मी खुर्चीतून हात न लावता उठते-बसते. एक मजला जिन्याने जाते. काल पलंगाला धरून पाटावरून उठले. घरात बोलले नाही. तुलाच सांगते.

तुझ्या विश्वजीतच्या हळदीला विनिताला बोलावणार म्हणे. बोलव. उजवीकडे बसव. डावीकडचा पाट माझा. उठताना तोल गेला तर हात दे, आणि लोकांना वाटू दे, मीच तुला उठवतेय.

गळा शाबूत असलेली,
तुझी रमा